तिची गोष्ट तिला सांगू द्या, तुम्ही सोसायटीची सांगा

प्रश्न: ताई, मी बडोद्यात वाढले, इथल्याच एका शाळेत शिकवते. आमच्या सोसायटीत 40 फ्लॅट, निम्मे मराठी. दिवाळीनंतर त्यातला एक विकायला निघाला. माझ्याच शाळेतली विज्ञानाची शिक्षिका तो घेणार होती. ती मुसलमान आहे. विसारसुद्धा दिला होता. सोसायटीची तातडीची सभा लागली, चार-पाच जण तावातावानं बोलले, बाकीचे गप्प. मीही गप्प बसले. मालकानं विसार परत केला. ती शाळेत माझ्याशी नीट बोलते, पण डबा आता दुसऱ्या टेबलावर खाते. मला झोप लागत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ मुसलमान बायकांना बोलावून त्यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात, सुरुवात हिच्यापासून करावी, असं मनात आहे. अध्यक्ष तयार आहेत, हॉलचं भाडं या महिन्यात भरायचंय. मुलगा म्हणतो, व्हिडिओ करून टाकू, लाखो लोक बघतील. नवरा म्हणतो, आपल्याला इथंच राहायचंय, कशाला वाकड्यात शिरतेस. मी काय करू?
– एक शिक्षिका, बडोदा

उत्तर:

प्रिय ताई,

गणपतीतला तो कार्यक्रम यंदा करू नका. भाडं भरायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आधीच सांगते.

तुमच्या पत्रात नवऱ्याचं म्हणणं आहे, मुलाचं आहे, मंडळाच्या अध्यक्षांचंही आहे. जिचं घर हातचं गेलं तिला काय वाटतं, याची एक ओळ नाही. तुम्ही तिला विचारलेलंच दिसत नाही, आणि कार्यक्रमात मात्र तिचं नाव पहिलं धरलंय. ती संध्याकाळ जरा डोळ्यांपुढे आणा. आरती झालीय, खुर्च्या भरल्यात, पुढच्या रांगेत देणगीदार म्हणून त्या सभेत तावातावानं बोललेल्यांपैकीच दोघं-तिघं बसलेत. त्यांच्यासमोर तिनं माइक हातात घेऊन आपलं दुःख सांगायचं. कडू बोलली तर 'सणासुदीला हे कशाला' अशी कुजबुज होणार. म्हणून ती सांभाळून बोलेल, शेवटी 'तरी बडोदं माझंच आहे' असं म्हणेल, टाळ्या पडतील, एखाद्या काकू डोळे पुसतील. मग महाप्रसाद. फ्लॅटचं दार बंदच्या बंद. जिच्यावर अन्याय झाला तिनंच तो चार लोकांत सांगायचा आणि ज्यांनी केला त्यांनी तो ऐकून मन हलकं करून घरी जायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा आधी तिला भेटा. शाळेत नको, स्टाफरूममध्ये भिंतीलाही कान असतात. तिच्या घरी जाऊ का, असं विचारा. ती नको म्हणाली तर शाळा सुटल्यावर दोघींनी चालत जाण्याइतका वेळ मागा. बोलायचं थोडंच: 'त्या सभेत मी होते आणि मी तोंड उघडलं नाही. तुम्हाला आता काय हवंय, आणि माझ्याकडून काही हवंय का?' एवढं विचारून थांबा. रडू नका. तुम्ही रडलात की तुमची समजूत काढायचं काम तिच्याच गळ्यात पडेल. 'आमच्यातले सगळे तसे नाहीत' हेही बोलू नका, ते तिला ठाऊक आहे.

ती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. कदाचित म्हणेल, विषय संपला, आम्ही तांदलजात, आमच्याच लोकांच्या वस्तीत, घर बघतोय. कदाचित चिडेल. कदाचित म्हणेल, विसार परत मिळाला पण दलालानं दलाली ठेवून घेतली. तसं असेल तर ती परत मिळवायला तिच्याबरोबर जा, तुमच्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा त्याचा उपयोग मोठा. आणि ती म्हणाली, 'याबद्दल कुठे बोलू नका', तर तिच्याबद्दलचं सगळं तिथंच थांबवायचं. नाव गाळून, विषय बदलून, शाळेचा उल्लेख टाळूनसुद्धा सांगायचं नाही. बडोदं एवढं मोठं नाही, लोक लगेच ओळखतात.

मग तुमच्यापाशी सांगायला काय उरतं? त्या सभेची गोष्ट उरते. ती तुमची आहे, ती सांगायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

घर नाकारण्याची बडोद्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर तुम्ही शाळेतल्या मुलांना नेलंही असेल. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून इथं नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं भासवून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. आपण सांगताना त्या काठ्यांपाशी थांबतो. त्यांनी मात्र त्यापुढचंही लिहिलंय. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं, आणि तिथूनही नकारच आला. मग कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेतच, वेळ काढून रात्रीच्या गाडीनं मुंबई. काठ्या घेऊन आलेल्यांचं काय करायचं हा पोलिसांचा आणि कोर्टाचा प्रश्न आहे. तुमचा-माझा प्रश्न त्या दोन मित्रांचा आहे. तुमच्या 40 फ्लॅटांत चार-पाच जण बोलले म्हणता, म्हणजे तीस-पस्तीस घरं गप्प होती. तुमचं काम त्या घरांत आहे.

तिथं कसं जायचं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण संघटन म्हटलं की आपल्याकडे लगेच हॉल, पाहुणे आणि हारतुरे सुरू होतात. मार्शल गँझ नावाचे एक संघटक आहेत. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या चळवळीत सेसार चावेझ यांच्याबरोबर ते घडले, पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागले. कार्यकर्त्यांना ते तीन गोष्टी एकत्र गुंफायला शिकवतात: माझी गोष्ट, आपली गोष्ट आणि आत्ताची गोष्ट. तुमच्या बाबतीत 'माझी' अगदी सरळ आहे: मी सभेत होते, मला ते चुकीचं वाटत होतं, तरी हात वर झाला नाही. लाजेनं सांगा, पण सांगा, कारण समोरची बाई नेमकी तेच मनात दाबून बसलेली असते.

'आपली' शोधायला लांब जावं लागत नाही. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांना भाड्याची जागा बघताना 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न ऐकावा लागलाय. मालवणकडचा, कोळ्याचा, मराठा, दलित, कुणीही असो, सुकटीच्या वासावरून घर गेलेलं आहे. काहींना आडनाव विचारून पुढचं ठरलेलं आहे. शेजारणीला विचारा, तुम्हाला हे घर कसं मिळालं? चहाचा कप संपेपर्यंत एखादी अशी आठवण निघतेच. तिथून त्या सभेकडे येणं सोपं आहे. मी असं म्हणत नाही की दोन्ही दुःखं सारखी. सुकटीचा डबा लपवून भागतं, नाव कुठे लपवणार? ते आंबेडकरांनी दहा दिवस करून पाहिलं होतं. पण स्वतःचा अपमान आठवला की माणूस दुसऱ्याचा ओळखतो, एवढा विश्वास मला आहे.

'आत्ताची' म्हणजे पुढची वार्षिक सभा. तिथं मांडायचं काय, हे घरोघर जायच्या आधी पक्कं करा, आणि त्यासाठी थोडा कायदा बघावा लागेल. गुजरातेत 1991 चा अशांत धारा आहे. ज्या भागाला तो लागू केलेला असतो तिथं घर-दुकान विकायला कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. दंगलीच्या धाकानं कुणी मातीमोल भावात घर विकून पळू नये, हा मूळ हेतू. म्हणून विकणारा राजीखुशीनं विकतोय का आणि किंमत वाजवी आहे का, हे बघायचं. प्रत्यक्षात हिंदूनं मुसलमानाला किंवा मुसलमानानं हिंदूला घर विकायचं म्हटलं की शेजाऱ्यांच्या हरकती, पोलिसांचा अभिप्राय, महिनोन् महिने फाइल. 2019 च्या दुरुस्तीनं वस्तीतल्या समाजांच्या समतोलाचा मुद्दाही आत आणला, त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. बडोद्यातल्याच एका दुकानाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदू मालकांनी ते मुसलमान खरेदीदाराला विकलं आणि आजूबाजूच्यांनी कोर्टापर्यंत खेचलं. गुजरात उच्च न्यायालयानं 2023 मध्ये आडवे येणाऱ्यांना 25,000 रुपयांचा दंड ठोठावला. तुमची सोसायटी अशा भागात येते का, हे कलेक्टर कचेरीत विचारून घ्या.

येत नसेल तर सोसायटीचे पोटनियम मागवून वाचा. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये पोटनियमाप्रमाणे सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मुभा दिली होती, आणि सोसायट्यांचे चेअरमन त्याचा हवाला देतात. तुमच्या पोटनियमांत धर्माबद्दल काही आहे का, हे चेअरमनच्या तोंडून ऐकू नका, कागदावर बघा आणि एखाद्या वकिलाला दाखवा. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं काहीच नसतं, नुसता दबाव असतो. तसं निघालं तर वार्षिक सभेत एवढाच ठराव मांडा, की फ्लॅट कुणाला विकायचा हे मालकानं ठरवायचं, सोसायटी धर्म-जात विचारून तातडीच्या सभा बोलावणार नाही. आधी दोन घरांच्या सह्या, मग पाच, मग दहा. ज्या मालकानं विसार परत केला त्याच्याकडेही जा. त्याला चांगलं गिऱ्हाईक गमवावं लागलंय, तो मनातून खूश नसणार. हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर काढू नका. तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, आणि गप्प माणसं आणखी गप्प होतात.

आता मंडळाच्या गणपतीचं. यंदा तुमच्या मैत्रिणीला नको म्हटलं, पण मंडळानं स्वतःच्या घरातल्या गोष्टी सांगायला काय हरकत आहे? आपण बडोदेकर संगीताचा एवढा अभिमान मिरवतो. सयाजीरावांच्या काळात 1886 मध्ये मौलाबक्ष यांनी इथं गायनशाळा सुरू केली, स्वरलेखनाची पद्धत बसवली. त्याच शाळेचं पुढे विद्यापीठातलं संगीत-नाट्य महाविद्यालय झालं. त्यांचा नातू इनायत खाँ 1882 मध्ये बडोद्यात जन्मला आणि सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेला. अब्दुल करीम खाँ इथल्या दरबारात होते, सरदार मान्यांच्या ताराबाईंशी त्यांचं लग्न झालं, आणि त्यांची मुलगी हिराबाई आपलं आडनाव 'बडोदेकर' लावून महाराष्ट्रभर गायली. मांडवीच्या जुम्मा मशिदीच्या आवारात, बांग देणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या इरफान पठाणला घडवणाऱ्यांत दत्ताजीराव गायकवाड होते, भारताचे माजी कर्णधार. हे सगळं पोरांना सांगितलंच पाहिजे.

पण तेवढ्यावर थांबू नका, ताई. अशा कार्यक्रमांत मला हाच धोका वाटतो. उस्तादांच्या आणि क्रिकेटपटूंच्या गोष्टी ऐकून आपण आपल्याच उदारपणावर खूश होतो. शेजारी राहायला मुसलमान चालेल, पण तो बडोद्याच्या दरबारातल्या थोर गवई फैयाज खाँसारखा असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या सोसायटीनं नाकारलं ती हप्ते फेडणारी, मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवणारी बाई आहे. तिनं शेजारीण होण्यासाठी आधी खाँसाहेबांसारखं आफताब-ए-मौसिकी, म्हणजे संगीताचा सूर्य, व्हायचं का? आणि फैयाज खाँसाहेबांची गोष्ट सांगायची तर पुरी सांगा. 1950 मध्ये ते वारले, याच गावात त्यांची कबर आहे, आणि 2002 च्या दंगलीत तिची नासधूस झाली. ज्या स्टेजवरून त्यांची बंदिश गाल त्याच स्टेजवरून हेही सांगायची मंडळाची तयारी असेल, तर कार्यक्रम जरूर करा. अध्यक्षांना हे आधी विचारा. त्यांच्या उत्तरावरून पुढचं पुष्कळ कळेल.

साध्या माणसांच्या गोष्टीही मंडळातल्या म्हाताऱ्यांकडून काढा. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटला पतंग घ्यायला जाणारी पिढ्यान् पिढ्यांची मराठी घरं आहेत. ते पतंग कोण बनवतं, कुणाच्या घरातल्या बायका कामट्या चिकटवतात, हे किती जणांना माहीत आहे? लग्नाचा बँड कुणाचा होता? 2002 च्या दंगलीत तुमच्या गल्लीत कुणी दार उघडलं आणि कुणी लावून घेतलं? हा शेवटचा प्रश्न भर सभेत विचारायचा नाही. त्याला घरातली वेळ लागते, आणि कधी कधी उत्तर ऐकवत नाही.

आता मुसलमान वस्तीतल्या कामाकडे येते. तिथं कुणी काही करत नाही आणि आपण जाऊन सुरू करायचं, असा समज असेल तर तो मनातून काढा. तांदलजात, याकुतपुऱ्यात, पाणीगेटला शाळा चालवणारे ट्रस्ट आहेत, बायकांचे गट आहेत, वकील आहेत. दंगलीनंतर, विशेषतः 2002 नंतर, जी कुटुंबं तांदलजाकडे सरकली त्यांनीच तिथं पुष्कळ काही उभं केलंय. शिवाय 'मुसलमान समाज' असा एकच एक नसतो. अलवी बोहरा या शिया पंथाच्या धर्मगुरूंची गादी बडोद्यात आहे, वाडीतल्या बद्री मोहल्ल्यात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मराठी माणसाला ते ठाऊक नसतं. सुन्नी वोहरा वेगळे, पठाण वेगळे, उत्तर प्रदेशातून कामाला आलेले कारागीर वेगळे. पुष्कळांच्या घरात गुजराती बोलतात. एकीला बोलावून 'तुमच्या समाजाचं काय म्हणणं आहे' असं विचारू नका.

तुम्ही शिक्षिका आहात. मग शिक्षिकेचं काम घेऊन जा. मी तांदलजातल्या एका शिकवणी वर्गात शनिवारी बसत असे. तिथं एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत घरातली सगळी कागदपत्रं घेऊन आली होती. मुलीचं नाव आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. 'शेख'चं स्पेलिंगच तीन तऱ्हांचं, आणि बापाचं नाव एका ठिकाणी मागे, दुसऱ्या ठिकाणी पुढे. आमच्यातल्या एक निवृत्त बँकवाल्या मावशी होत्या, त्यांनी चश्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि कुठल्या कचेरीत आधी काय दुरुस्त करायचं ते ओळीनं लिहून दिलं. ती बाई कागदावर बोट ठेवून ऐकत होती. मधेच म्हणाली, 'आम्ही पहिलं घर सोडलं तेव्हा हे सगळं तिथंच राहिलं, पुन्हा काढताना जो जे लिहील ते.' घर का सोडलं, हे आम्ही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तिनं आपण होऊन सांगितलं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

अशी कामं पुष्कळ आहेत. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन, मुदत थोडी, आणि एका कागदावरून अर्ज बाद होतो. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती 2022-23 पासून फक्त नववी-दहावीला उरली, खालच्या वर्गांची बंद झाली. पुष्कळ आयांना ते अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, त्या दर वर्षी चौकशी करत राहतात. सच्चर समितीनं 2006 मध्येच दाखवलं होतं की मुसलमानांमधली साक्षरता 59.1 टक्के, तर देशाची सरासरी 65.1. सहा टक्क्यांची ती दरी एक शिक्षिका बुजवू शकत नाही. दहा मुलांचे अर्ज बिनचूक भरू शकते. तिथल्या एखाद्या ट्रस्टला विचारा, प्रवेशाच्या दिवसांत माझे दोन शनिवार हवेत का? हो म्हणाले तर जा, त्यांच्या पद्धतीनं काम करा, फोटो काढू नका.

फोटोवरून मुलाच्या व्हिडिओकडे येते. त्याची तळमळ खरी आहे, त्याला दुखवू नका, पण व्हिडिओ नको म्हणजे नको. लाखो लोक बघतील हे खरंच आहे, आणि त्यात कोण कोण असेल हे त्याच्या हातात नाही. तुमच्या मैत्रिणीचा चेहरा, शाळा, मुलीचा गणवेश, सगळं बाहेर जाईल. शिव्या तिला पडतील, संस्थाचालकांचा फोन तिला येईल. तुमच्या मुलाला लाइक मिळतील. एखाद्या बाईची गोष्ट तिच्या हातून निसटली की काय होतं, हे आपण इंदूरच्या शाहबानोच्या बाबतीत पाहिलंय. 1985 मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठानं पोटगीचा निकाल दिला, देशभर वादळ उठलं, 1986 मध्ये नवा कायदा आला. मधल्या काळात तिनं स्वतःच्याच बाजूचा निकाल नको असल्याचंही जाहीर केलं. तिच्यावर किती दबाव होता आणि तिच्या मनात काय होतं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. सगळ्यांना ती आपापल्या भांडणासाठी हवी होती. मुलाला काही करायचंच असेल तर कॅमेरा तुमच्याकडे वळवू दे. 'मी सभेत का गप्प बसले' हे तुम्ही बोला. त्याची जी किंमत असेल ती तुम्ही मोजा.

किंमत असेल, हे नवरा म्हणतो ते खोटं नाही. भिशीतून नाव गळेल, लिफ्टमध्ये लोक फोनमध्ये डोकं घालतील, पार्किंगवरून उगाच कटकटी निघतील. त्याला भित्रा म्हणू नका. तुम्ही नेमकं काय करणार आहात ते त्याला सांगा: दोन-चार घरी चहा, पोटनियमांची प्रत, एक ठराव. भीती बहुधा अंदाज नसल्याची असते. अहमदाबादेत 1 जुलै 1946 ला वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र दंगल थांबवायला जमावापुढे गेले आणि दोघंही मारले गेले. गुजरातेतल्या मराठी माणसानं ते नाव विसरू नये. तुमच्याकडून तेवढं कुणी मागत नाहीये. पण एकटीनं सभेत उभं राहू नका. निदान एक घर सोबत असल्याशिवाय ठराव मांडू नका, मग त्याला एक सभा जास्त लागली तरी चालेल.

आणि गोष्टींचा सोस मनात आहेच, तर तो असा भागवा. मैत्रीण तयार असेल तर, आणि तिची इच्छा असेल तरच, एका रविवारी दुपारी सहा-सात जणींना घरी बोलवा. निम्म्या तुमच्या ओळखीच्या, निम्म्या तिच्या, म्हणजे कुणी एकटी पडणार नाही. माइक नको, प्रमुख पाहुण्या नकोत, फोन पर्समध्ये. प्रश्न सगळ्यांना एकच: बडोद्यातलं तुमचं पहिलं घर कोणतं, आणि ते कसं मिळालं? सुरुवात तुमच्यापैकी कुणीतरी करा, तिच्यावर टाकू नका. जिला बोलायचं नसेल ती नुसती ऐकेल. खायला काय करायचं ते आधी विचारून घ्या, आणि तिनं काही करून आणलं तर आपल्या बायकांनी ते खावं, हे त्यांना बोलावतानाच स्पष्ट सांगा. ज्यांना ते जमणार नाही त्यांना या वेळी बोलावू नका. दुसरी बैठक तिच्याकडे, तिनं बोलावलं तर. तिसऱ्यापर्यंत एखादं काम निघालं नाही, कुणाचा शाळेचा अर्ज, कुणाची भाडेचिठ्ठी, कुणाच्या आईचा दवाखाना, तर बैठका थांबवा आणि सरळ तांदलजातल्या त्या ट्रस्टच्या कामाला लागा.

हॉलचं भाडं अजून भरलेलं नसेल तर अध्यक्षांना आजच फोन करा.